मागच्या बाकावरची बाई

"बाई, माफ करा, मी आता तुमचा अपमान करणार आहे," असं सांगून सेवेरिनी उभा राहिला. हात छातीशी घेतलेले, मान खाली. थोडा वेळ तो शब्द शोधत राहिला आणि मग म्हणाला, "तुमचं शिकवणं तितकंसं बरं नाही." पुन्हा माफी मागून तो खाली बसला. त्याच्या शेजारच्या मुलीला चिठ्ठीत रडायचं काम आलं होतं. तिनं हात वर करून विचारलं, आत्ता रडू की बाईंचं वाक्य पुरं झाल्यावर?

हा आमचा नकली वर्ग. सोंगेयाच्या आमच्या शिक्षक कॉलेजात मी गणित कसं शिकवावं ते शिकवते. माझं नाव कँडिडा म्बानो. जात्याच तोंडाळ, आणि न्गोनी जमातीची असल्यामुळे त्याची लाज नाही. नकली वर्ग मात्र माझा नव्हे, तो दार-एस-सलामच्या विद्यापीठातून संशोधनाला आलेल्या डॉक्टर एलिनामी म्सूयांचा. विमान चालवणारा आधी खोट्या विमानात बसून शिकतो, मग शिक्षकानंच काय घोडं मारलंय, असा त्यांचा प्रश्न. म्हणून एकानं शिक्षक व्हायचं, बाकीच्यांनी चौथीची मुलं. प्रत्येकाला एक चिठ्ठी: तू दंगा कर, तुला काही कळत नाही, तू रड. डॉक्टर कोपऱ्यात बसून गुण देणार, आणि हे सगळे शाळांवर गेले की सराव केलेले सरस ठरतात का ते पाहणार.

कल्पना सोन्यासारखी होती. पण आमची पोरं लहानपणापासून थोरांपुढं वाकून 'शिकामू', म्हणजे पाया पडतो, म्हणत वाढलेली. समोर उभी राहिलेली व्यक्ती, मग ती कालची मैत्रीण का असेना, हातात खडू धरला की झाली बाई. तिच्याशी उद्धट कसं बोलायचं? त्यातून मी आणि डॉक्टर तिथं बसलेले. त्यामुळे आमच्या नकली वर्गाइतका गुणी वर्ग अख्ख्या टांझानियात नव्हता. सगळ्यांना भरघोस गुण पडले, आणि सगळ्यांत जास्त ओटिलिया किकोटीला.

ओटिलिया इरिंगाच्या वरच्या डोंगरांतली, हेहे जमातीची. उंच, बारीक, बोलणं इतकं हळू की जेवणाच्या रांगेत मक्याची उगाली मागितली तरी वाढणारा दोनदा विचारायचा. तिच्या गावच्या शाळेत सगळ्या इयत्तांना मिळून एकच म्हातारे गुरुजी उरले होते आणि तेही पुढच्या वर्षी घरी बसणार होते. त्या डोंगरावर बाहेरचा शिक्षक टिकत नाही, थंडीला आणि एकटेपणाला कंटाळून पळतो. ओटिलियाला तिथं जायचं होतं. दुसरी कुठली शाळा नको, शहर नको, फक्त तीच. हे ती पहिल्या दिवशी बोलली आणि पुन्हा कधी बोलली नाही, पण तिचं सगळं वागणं त्याच दिशेनं होतं.

आणि पहिल्याच खऱ्या वर्गातून ती पळाली.

चौथीचा वर्ग, शंभरावर मुलं, विषय अपूर्णांक. तिनं फळ्यावर वर्तुळं काढली, तिसरा हिस्सा दाखवला, चौथा हिस्सा दाखवला. एक पोरगा म्हणाला, चार मोठे, म्हणून चौथा हिस्सा मोठा. तिनं समजावलं. त्यानं तिच्या हळू आवाजाची नक्कल करून तेच पुन्हा म्हटलं. वर्ग हसला, आणि एवढा हसला की थांबेना. ओटिलियानं खडू टेबलावर ठेवला, दाराबाहेर गेली आणि चालत थेट कॉलेजात आली. नियम असा की दुसरी संधी मिळते, ती बाहेरच्या तपासनिसासमोर. तिथं नापास झालं की शिक्षकाचा कागद विसरायचा. म्हणजे तिच्या डोंगराच्या आणि तिच्या मधे आता फक्त एक तास होता.

इतरांचीही गत फार निराळी नव्हती, फक्त कुणी पळालं नव्हतं. डॉक्टरांनी आकडे मांडले. सराव केलेले आणि न केलेले, काडीचाही फरक नाही. ते बिचारे उदास होऊन चहाच्या कपाकडे बघत बसले. मला त्यांची थट्टा करायची फार इच्छा झाली, पण ते पडले परे जमातीचे. परे लोकांशी आम्हा न्गोनींचं तसं नातं नाही, तेव्हा सभ्यपणे वागणं भाग होतं.

तसं नातं म्हणजे उतानी. आमच्या पणजोबांनी आणि हेहेंच्या पणजोबांनी एकमेकांना भाल्यांनी पुरेपूर भोसकून घेतलं. पुढं लढाई संपली आणि चेष्टा उरली. आता हेहे माझा म्तानी आणि मी त्याची. मी त्याला बाजारात चारचौघांत वाटेल ते बोलावं, त्यानं सव्याज परत करावं, आणि रागवायचं कुणी नाही. जो रागावला तो हरला, जो गप्प बसला तो त्याहून हरला. आणि घरात मयत झालं की म्तानीनं यायचंच. रडायला नव्हे. गेलेल्याची नक्कल करायला.

त्याच सुमारास म्हातारे म्झे न्येंझा वारले. हेहे, जुने शिक्षक, आमच्या शेजारचे. मी गेले. अंगणात चटयांवर बायका खांग्याची कापडं डोक्यावरून घेऊन बसल्या होत्या, त्यांची बायको मधे. मी न्येंझांची टोपी उचलून डोक्यावर चढवली आणि त्यांच्यासारखी एक पाय जरा ओढत अंगणात शिरले. खडूनं भरलेल्या हातानं नाक पुसायची त्यांची खोड होती, त्यामुळे दिवसभर त्यांच्या नाकावर पांढरा पट्टा असायचा. मी चुलीतली राख घेऊन नाकावर ओढली. मग चटईवरच्या म्हातारीसमोर कमरेवर हात ठेवून त्यांच्या आवाजात विचारलं, "ही सगळी मंडळी जमलीत कशाला? गृहपाठ झाला का?" म्हातारी हसली. हसता हसता मोठ्यानं रडली, आणि दोन दिवस तिच्या घशात अडकलेलं सगळं बाहेर आलं.

ओटिलिया चुलीपाशी बीन्स निवडत होती, गाववाली म्हणून मदतीला आलेली. मी नाक धुवायला गेले तर ती हसत होती. त्या मुलीचे दात मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

"बाई, तुम्ही त्यांना एवढं नीट कधी बघितलंत?"

"बघून ठेवावं लागतं," मी म्हटलं. "म्तानीचं कामच ते. माणूस जिवंत असताना बघून ठेवायचं, म्हणजे मेल्यावर अडत नाही."

ती पुन्हा बीन्स निवडायला लागली आणि मी तिथंच उभी राहिले. माझ्या डोक्यात प्रकाश पडला होता, आणि एवढा उशिरा का पडला याचा मला स्वतःचाच राग आला. ही मुलगी हेहे. मी न्गोनी. कॉलेजभर एकटी मी अशी बाई होते जिला ह्या मुलीचा अपमान करायचा परवाना होता, आणि मी आजवर तिच्याशी किती गोड बोलत आले होते.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना सांगितलं की ओटिलियाचा नकली वर्ग मी चालवणार, माझ्या पद्धतीनं, आणि मुलं म्हणून फक्त न्गोनी विद्यार्थी बसतील. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, हे त्यांना संशोधनात धरता येणार नाही, कारण प्रत्येकाला सारखीच परीक्षा हवी. मी म्हटलं, नका धरू. त्यावर ते म्हणाले, "म्बानोबाई, माझी खरी अडचण ती नाही. जिथं न्गोनी नाहीत तिथं ही मुलगी काय करणार? तिच्या डोंगरावर सगळे हेहेच आहेत ना?"

 अडचणीचा प्रश्न आला की मी आवाज चढवते. तो चढवला आणि बाहेर पडले.

आम्ही सात जण होतो, सेवेरिनी धरून. मी बूट काढले, कोट काढला, शाळेच्या पोरांचा निळा स्वेटर कसाबसा चढवला आणि मागच्या बाकावर जाऊन पाय हलवत बसले. ओटिलिया आत आली, मला पाहिलं आणि सवयीनं शिकामू म्हणायला वाकली.

"शिकामू कुणाला करतेस गं?" मी म्हटलं. "बाई तू आहेस. का तुम्हा हेहेंना न्गोनी दिसला की वाकायची सवयच लागलीय?"

सातही जण खो खो हसले. सेवेरिनीचं तर कुलूपच उघडलं. जो पोरगा माफी मागून अपमान करायचा, तो आता विचारत होता की बाईंनी खडू असा भाल्यासारखा का धरलाय, कुणाला मारायचंय, आणि मारून पळायला दार कुठं आहे ते बघून ठेवलंय का. ओटिलियानं तरी वर्तुळं काढली. मी खोकले. मला खडूचा जुना खोकला आहे, बोलण्याआधी दोनदा येतोच. मग मनगटानं चष्मा वर सारून मी विचारलं, "चार मोठे की तीन?"

"चार," ती म्हणाली.

"मग चौथा हिस्सा मोठा. एवढ्यासाठी कॉलेजात जावं लागतं होय तुमच्यात?"

तिनं समजावलं. कळलं का विचारलं. आमच्या शाळांतली पोरं म्हणतात तसं सगळ्यांनी लांबलचक सूर लावला, "होऽऽय बाई." मी एकटी म्हणाले, मला नाही कळलं. तिनं पुन्हा समजावलं, मी जांभई दिली. मग मी तिचा आवाज काढला, तो हळू, जमिनीत जाणारा आवाज, अगदी त्या शाळेतल्या पोरानं काढला असेल तसा.

ओटिलियाचे डोळे भरले. तिनं खडू टेबलावर ठेवला आणि दाराबाहेर गेली. सेवेरिनी माझ्याकडे बघायला लागला. मला बरं वाटलं असं म्हणणार नाही.  पण उठले नाही. उठून समजूत घालायला गेले असते तर ती मुलगी जन्मभर समजुतीवरच जगली असती.

ती परत आली तेव्हा तिच्या एका हातात स्वयंपाकघरातलं उकडलेलं रताळं होतं आणि दुसऱ्यात सुरी. ती सरळ माझ्या बाकापाशी येऊन उभी राहिली.

"ए न्गोनी," ती म्हणाली. आवाज तोच, पण आता वर्गभर पोचत होता. "भूक लागलीय तुला, म्हणून डोकं चालत नाही. भुकेपायीच तुझे पणजोबा पार दक्षिणेतून चालत इथवर आले ना? हे घे. तिघांत वाटू की चौघांत?"

"चौघांत," मी म्हटलं. "चार मोठे."

"बरं." तिनं रताळ्याचे दोन सारखे तुकडे केले. एकाचे तीन भाग कापले, दुसऱ्याचे चार. चारांतला एक माझ्या हातावर ठेवला. तीनांतला एक माझ्या हाताशेजारी धरला, मला नीट दिसेपर्यंत धरला, आणि मग स्वतःच्या तोंडात टाकला. "तुझा मोठा," ती खाता खाता म्हणाली, "रडू नकोस."

मला खरोखरच भूक लागली होती. मी माझ्या हातावरच्या तुकड्याकडे बघत बसले आणि वर्ग हसत राहिला, पण ह्या वेळी हसू तिच्या बाजूचं होतं.

त्यानंतर आम्ही रोज तिला छळलं. ती रोज आली. काही दिवस आम्ही जिंकलो, काही दिवस ती. तिच्या लक्षात आलं की पोराचं उत्तर चुकीचं असलं तरी त्याच्यामागं त्याचा काहीतरी विचार असतो, आणि तो विचार बाहेर काढेपर्यंत फळ्यावरची वर्तुळं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मग ती आम्हाला समजावायचं सोडून आम्हाला विचारायला लागली. मी मूर्खपणाची नवनवी सोंगं काढत होते, ती प्रत्येक सोंगाच्या आत हात घालत होती. एकदा डॉक्टर दारात येऊन उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, मागच्या बाकावर जागा आहे का. मी सरकले. गुण देण्याचा कागद त्यांनी आणलाच नव्हता.

परीक्षेच्या दिवशी मी आणि डॉक्टर त्याच शाळेच्या खिडकीबाहेर उभे होतो, कारण आम्हाला आत परवानगी नव्हती. तपासनीस कापिंगासाहेब मागं खुर्चीवर बसलेले, मांडीवर रकान्यांचा कागद. मुलं बाकांवर दाटीवाटीनं, उरलेली जमिनीवर. त्यात तो नक्कल करणारा पोरगाही होता, ओटिलियानं मला आधीच दाखवून ठेवलेला. मी त्याच्याकडेच डोळे लावून होते. आता ये म्हणावं, आम्ही तयार आहोत.

पण तो काही बोलला नाही. कुणीच बोललं नाही. कोट घातलेला साहेब मागं बसलाय म्हटल्यावर सगळा वर्ग चिडीचूप. ओटिलियानं दंग्याची तयारी केली होती आणि समोर होती नुसती शांतता. तिनं तिसरा हिस्सा काढला, चौथा काढला, मोठा कुठला ते सांगितलं आणि विचारलं, "कळलं का?"

"होऽऽय बाई," शंभर तोंडं एका सुरात म्हणाली.

कापिंगासाहेबांनी मान डोलावून खूण केली.  आता पुस्तकातली दोन उदाहरणं घाल, मी मनात म्हणत होते, घंटा होऊ दे, कागद घे आणि जा तुझ्या डोंगरावर. दगडापेक्षा वीट मऊ. डॉक्टरही माझ्याकडे बघून हसले, झालं म्हणून.

ओटिलिया त्या मुलांकडे बघत उभी राहिली. मग तिनं खडू टेबलावर ठेवला. ते खडू ठेवणं मी एकदा ऐकलं आणि एकदा पाहिलं होतं. पण ती दाराकडे गेली नाही. बाकांमधून वाट काढत ती शेवटच्या बाकाशी गेली, तिथल्या एका लहानशा मुलीला सरकायला सांगितलं आणि तिच्या शेजारी बसली. कापिंगासाहेबांचं पेन थांबलं. शिकाऊ शिक्षिका परीक्षेच्या तासाला मुलांच्या बाकावर जाऊन बसल्याचं त्यांनी कधी पाहिलं नसावं.

ओटिलिया पाय हलवायला लागली. दोनदा खोकली. नसलेला चष्मा मनगटानं वर सारला. आणि माझ्या आवाजात, सगळ्या ठसक्यासह, रिकाम्या फळ्याला म्हणाली, "मला नाही कळलं. चार मोठे की तीन? मग चौथा हिस्सा मोठा. मला तर असंच वाटतं बाई."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

 मग शेजारची ती मुलगी, बाकाकडे बघत, हळूच म्हणाली, "मला पण तसंच वाटतं."

पुढच्या बाकावरून कुणीतरी वळून म्हणालं, मलाही. मग जमिनीवरून. मग हात वर यायला लागले, एकेक करत, आणि बघता बघता अर्ध्या वर्गाचे हात वर होते. त्याच वर्गाचे, ज्यानं आत्ताच एका सुरात होय म्हटलं होतं. "मग आपल्याला शिकवणार कोण?" बाकावरच्या ओटिलियानं विचारलं आणि पिशवीतून रताळं काढलं. नक्कल करणारा पोरगा उठला. सुरी तिनं स्वतःकडे ठेवली, पण कुठं कापायचं ते तो सांगत होता, आणि ती मागच्या बाकावरून त्याला प्रश्न विचारून हैराण करत होती. तो चिडला, पुन्हा मोजायला लागला, स्वतःच थांबला. "अरे," तो म्हणाला, "जास्त जण खाणारे, तर तुकडा बारीक." त्यानं ते वर्गाला पुन्हा सांगितलं, ह्या वेळी कुणाची नक्कल न करता.

घंटा झाल्यावर कापिंगासाहेब बाहेर आले. कागद उलटसुलट करत म्हणाले की शिक्षकानं मुलांत जाऊन बसण्याला त्यांच्याकडे रकाना नाही. मग त्यांनी ओटिलियाला विचारलं, सगळं सुरळीत चाललेलं असताना हे कशाला केलंस.

"सगळे एकदम होय म्हणाले साहेब," ती म्हणाली. "तेव्हाच कळलं की कुणालाच कळलेलं नाही."

 कापिंगासाहेब इतकंच म्हणाले, की नोकरीला लागल्यापासून ते हे होय ऐकत आले आहेत. आणि भिंतीला कागद टेकवून त्यांनी तिला पास केलं. डॉक्टर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मी विचारलं होतं, जिथं न्गोनी नाहीत तिथं ती काय करेल. न्गोनी सोबतच घेऊन जाणार ती." पहिल्यांदाच मला त्यांच्याशी बोलताना सभ्यपणाचं ओझं वाटलं नाही.

ओटिलिया माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिला वाटलं असावं मी मिठी मारेन. मी कमरेवर हात ठेवले.

"माझा खोकला काढतेस? चारचौघांत?"

"म्तानी आहे मी तुमची," ती म्हणाली. "बघून ठेवलं होतं."

 स्वतःची नक्कल सहसा कुणाला बघायला मिळत नाही, ती होते तेव्हा आपण चटईत गुंडाळलेले असतो. मला ती उभ्यानं बघायला मिळाली होती.

"मग ऐक," मी म्हटलं. "मी गेले की तू यायचंस. कुठल्याही डोंगरावर असलीस तरी. दुसरं कुणी चालणार नाही मला."

तिचे डोळे भरले, पण ह्या वेळी ती निघून गेली नाही.

"येईन," ती म्हणाली. "पण घाई करू नका बाई. खोकला जमलाय, चाल अजून जमत नाही."